शुद्ध केलेले पाणी आणि कोरडी नदी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. विहिरीने तळ गाठला म्हणून वडिलांनी नदीच्या डोहात इंजिन लावले होते. आमचे गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, गोदाकाठी. पाइपाच्या तोंडाला पाणवेली गुंडाळली गेली की पाणी तुटायचे. मग वडील कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती हाताने सोडवायचे. वर आले की पायांना खाज सुटायची. असेच एकदा बांधावर बसून पायाला खोबरेल तेल चोळता चोळता ते मला म्हणाले, "तू कालेजात जाती ना, मंग सांग. शहरात गटारीचं पाणी साफ करूनच सोडतात म्हणे. मंग नदीची अशी गत का?"

मला उत्तर देता आले नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळेच ठाऊक असणार अशी घरच्यांची समजूत आहे, आणि ती मोडायची वेळ आली की वाईट वाटते. यंदा पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी वडिलांचा प्रश्नच निवडला. या निमित्ताने जे वाचले आणि एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जाऊन जे पाहिले, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना यात काही उणे वाटले तर त्यांनी ते जरूर सांगावे.

घाण म्हणजे नेमके काय?

शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना आखताना दर माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात. त्यातले सुमारे 80 टक्के वापरून झाल्यावर गटारीत येते असे मानतात. म्हणजे माणशी 108 लिटर. लाखभर वस्तीच्या गावातून दररोज 1 कोटी 8 लाख लिटर सांडपाणी निघते असा याचा हिशेब होतो. या सांडपाण्यात शंभरात 99.9 भाग साधे पाणीच असते. सारी भानगड उरलेल्या हजारातल्या एका भागाची असते.

त्या भागात अन्नाचे कण, मलमूत्र, साबण, तेल असे बरेच काही असते. त्यातले जे कुजणारे असते ते पाण्यातल्या सूक्ष्म जिवाणूंचे अन्न होय. अन्न मिळाले की जिवाणू वाढतात, आणि वाढताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मासेही त्याच प्राणवायूवर जगतात. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि 30 अंशांला जेमतेम साडेसात. पाणी तापले की त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद कमी होते. म्हणजे ज्या दिवसांत नदीत पाणी सर्वांत कमी, त्याच दिवसांत त्या पाण्यात प्राणवायूही सर्वांत कमी. प्राणवायू संपला की वेगळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते प्राणवायूवाचून कुजवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे.

पाण्यात कुजणारा माल किती आहे हे मोजायचे कसे? तो माल खाऊन संपवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, हे पाहायचे. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ठरावीक तापमानात ठेवतात आणि किती प्राणवायू कमी झाला ते मोजतात. आपल्याकडे हे 27 अंशांला तीन दिवस करतात. थंड देशांत 20 अंशांला पाच दिवस करतात. या मापाला प्राणवायूची जैवरासायनिक मागणी म्हणतात. सर्वत्र रूढ असलेले तिचे नाव बी.ओ.डी. असे आहे. हा आकडा जितका मोठा तितके पाणी घाण. शहराच्या कच्च्या सांडपाण्यात तो लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. नदीत स्नान करायचे असेल तर तो 3 पेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू 5 पेक्षा कमी नसावा, असा आपल्याकडे निकष आहे. वाचकांनी हा 3 चा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

विरजणाचा कारखाना

शुद्धीकरण केंद्र म्हटल्यावर तिथे काहीतरी औषधे टाकून पाणी स्वच्छ करत असतील अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तिथे चालते ते बरेचसे आमच्या आईच्या दह्याच्या गाडग्यासारखे आहे.

पहिल्यांदा जाळ्या लागतात. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काड्या तिथे अडतात. मग पाणी संथ करून वाळू-खडे खाली बसू देतात. पुढच्या मोठ्या गोल हौदात आणखी गाळ बसतो. एवढे झाले तरी पाण्यात विरघळलेली घाण तशीच असते. ते पाणी मग वायुमिश्रणाच्या हौदात जाते. खालून हवा सोडलेली असते, त्यामुळे पाणी खदखदा उकळल्यासारखे दिसते. इथे जिवाणूंना हवे तेवढे अन्न आणि हवा तेवढा प्राणवायू मिळतो. नदीत जे काम त्यांनी अनेक मैलांत केले असते, ते इथे काही तासांत होते. जिवाणू घाण खाऊन वाढतात, त्यांचे पुंजके होतात आणि शेवटच्या हौदात ते गाळ म्हणून तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी बाहेर पडते.

तळाच्या गाळातला काही भाग परत वायुमिश्रणाच्या हौदात नेऊन सोडतात. कालच्या दह्यातले चमचाभर राखून आजच्या दुधाला लावावे तसे हे विरजण आहे. ही युक्ती इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 मध्ये जगापुढे मांडली. विरजण मेले तर दही लागत नाही, तसेच इथेही आहे. वीज जाऊन हवा बराच वेळ बंद राहिली, किंवा गटारीतून कोणी तेजाब वा रसायन सोडून दिले, तर हौदातले जिवाणू मरतात आणि नवे विरजण तयार व्हायला बरेच दिवस लागतात. तोवर पाणी हौदातून नुसते वाहत राहते.

दुसरी एक पद्धत प्राणवायूवाचून चालते. तिच्यात पाणी खालून वर गाळाच्या थरातून चढवतात. विजेचा खर्च कमी होतो आणि वायूही मिळतो. मात्र बाहेर पडणारे पाणी तेवढे निवळ नसते, त्यावर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. नाशिकला तपोवन आणि आगर टाकळी येथे प्रथम या पद्धतीची केंद्रे झाली व पुढे त्यांची क्षमता वाढवून अनुक्रमे 130 व 110 दशलक्ष लिटर करण्यात आली. चेहेडी, पंचक आणि गंगापूर येथेही केंद्रे उभी राहिली.

मी ज्या केंद्रात गेले तिथल्या कामगारदादांनी शेवटच्या हौदातले पाणी काचेच्या ग्लासात भरून माझ्यापुढे धरले. त्यातून पलीकडचा हात दिसत होता. मी मनात म्हटले, मग वडिलांचे पाय का खाजतात?

कायद्याने आखलेली रेघ

या प्रश्नाचे निम्मे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा 1969 मध्ये केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतर, 1974 मध्ये आला, आणि तो महाराष्ट्राने 1981 मध्ये स्वीकारला. म्हणजे या बाबतीत आपले राज्य देशाच्या पुढे होते. या कायद्यानुसार कारखान्याला किंवा नगरपालिकेला मंडळाच्या संमतीवाचून नदीत सांडपाणी सोडता येत नाही. किती पाणी सोडायचे आणि ते किती स्वच्छ असायला हवे, हे संमतीपत्रात लिहिलेले असते. मंडळाचे अधिकारी नमुना घेऊन तपासणी करू शकतात.

स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी बी.ओ.डी.ची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम ठेवली गेली. ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांसाठी स्वतंत्र अधिसूचना काढली. तिच्यात महानगरांना 20 आणि इतरांना 30 अशी मर्यादा होती. ती फार सैल आहे अशी तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. 30 एप्रिल 2019 रोजी लवादाने ही मर्यादा 10 असावी असा आदेश दिला. नाशिकच्या गोदावरीसाठी 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तिच्यात न्यायालयाने नागपूरच्या नीरी या संस्थेची मदत घेतली.

कायदा आहे, मंडळ आहे, न्यायालयेही जागी आहेत. तरीसुद्धा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे मोजले, त्यांत सर्वाधिक 53 महाराष्ट्रातले होते. 2022 च्या यादीत देशातले पट्टे 311 वर आले, पण महाराष्ट्रातले 55 झाले. पहिला नंबर आपण सोडला नाही.

याचे एक कारण सरळ आहे. सगळे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतच नाही. केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातील शहरांतून दररोज सुमारे 72 हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. केंद्रांची क्षमता सुमारे 32 हजारांची आहे आणि प्रत्यक्ष शुद्ध होते ते 20 हजारांच्या आसपास. बाकीचे नाल्यांतून थेट नदीत जाते. हे कारण सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते दुसरे कारण, कारण ते नियम मोडण्यातून येत नाही. नियम पाळला तरीही ते राहतेच.

आठपट पाण्याचे गणित

सांडपाण्याला आकड्याची मर्यादा घालण्याची पद्धत इंग्लंडमधून आली. तिथे एका शाही आयोगाने 1912 मध्ये असे ठरवले की नदीत सोडायच्या पाण्याचा बी.ओ.डी. 20 पर्यंत चालेल आणि तरंगता गाळ 30 पर्यंत. हे आकडे पुढे जगभर गेले. पण आयोगाने त्यांच्याबरोबर एक अट घातली होती. नदीत सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असले पाहिजे. ती अट या आकड्यांचा पायाच होती.

गणित सोपे आहे. नदीचे आठ भाग पाणी, त्याचा बी.ओ.डी. 2. त्यात 20 बी.ओ.डी. असलेला एक भाग मिसळला. आठ दुणे सोळा, अधिक वीस, छत्तीस. भागिले नऊ. उत्तर 4. एवढे नदी सहज पचवते असे आयोगाचे मत होते. इंग्लंडमध्ये बारा महिने पाऊस असतो, त्यामुळे तिथे हे जमण्यासारखे होते.

आता हेच गणित आपल्या नदीला लावून पाहू. आपला पाऊस चार महिन्यांचा, आणि सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग तर पर्जन्यछायेतला. गोदावरीचे पाणी वर गंगापूर धरणात अडते. ते 1965 मध्ये पूर्ण झाले. दारणेवरचे धरण त्याच्याही आधीचे, 1916 चे. धरणे हवीतच, त्यांच्यावर आपली शेती आणि शहरांचे पिणे चालते. पण त्यामुळे पावसाळा सरल्यावर नदीत स्वच्छ पाणी येते ते आवर्तन सुटेल तेव्हाच. आवर्तन बंद झाले की शहराखालच्या पात्रात उरते ते मुख्यतः शहरातून आलेले पाणी. समजा नदीचे एक भाग आणि शुद्ध केलेले सांडपाणी एक भाग, 30 च्या मर्यादेतले. दोन अधिक तीस, बत्तीस. निम्मे सोळा. आणि नदीचे पाणी शून्य असेल तर? मग उत्तर सरळ 30 येते. हरित लवादाची 10 ची कडक मर्यादा काटेकोर पाळली तरी 10 येते. स्नानासाठी निकष 3 चा होता, हे वाचकांना आठवत असेल.

म्हणजे केंद्राने नियम पाळला, मंडळाने तपासणी केली, नमुना पास झाला, आणि तरीही नदी नापास. नियम नळीच्या तोंडाशी आहे. खालच्या गावाला मात्र नळी दिसत नाही, नदी दिसते. तीन केंद्रे, दहा नाले आणि चार कारखाने एकाच पात्रात येतात. एकदा मिसळले की पाण्यावर कोणाचे नाव राहत नाही.

आणखी एक गोष्ट. 2017 च्या अधिसूचनेत बी.ओ.डी., तरंगता गाळ, आम्लता आणि मैलाजन्य जिवाणू एवढ्यांच्याच मर्यादा होत्या. नत्र आणि स्फुरद यांचा उल्लेख तिच्यात नव्हता. शेतकऱ्याच्या मुलीला ही दोन नावे खताच्या गोणीवरून पाठ असतात. ग्लासातून पलीकडचा हात दिसला तरी त्या पाण्यात ती असू शकतात. पाणवेलीला तेच हवे असते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. 2020 च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात. शहरांकडून येणारे पाणी तिथे बंधाऱ्याला थांबते आणि थांबलेल्या खतपाण्यावर पाणवेली माजते. तिच्या खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो. इंजिनाच्या पाइपाला गुंडाळली जाते ती हीच.

मग करायचे काय?

हे पाणी नदीत सोडूच नये, असे म्हणणे सोपे आहे. मी तसे घरी म्हणून पाहिले. वडील लगेच म्हणाले, "आन् मंग उन्हाळ्यात कांद्याला काय घालू?" त्यांचे बरोबर आहे. उन्हाळ्यात शहराचे पाणी हीच नदी, आणि त्याच नदीवर काठच्या विहिरी तग धरतात. ते तोडले तर वास जाईल, पण पीकही जाईल. हे पाणी उद्योगाला द्यावे असाही विचार आहे. केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणानुसार शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक वीजकेंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरायचे आहे. नागपूरचे असे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. त्यामुळे तेवढे धरणाचे पाणी वाचते. हे चांगलेच आहे. पण वाचलेले पाणी नदीच्या आणि काठच्या गावांच्या वाट्याला यायला हवे. नाहीतर शहराला धरणाचे, कारखान्याला शहराचे आणि गावाला काहीच नाही, असा हिशेब होईल.

माझ्या मते तीन गोष्टी होण्यासारख्या आहेत. पहिली, मर्यादा बारमाही एकच नसावी. पुराच्या ऑगस्टात जे पाणी नदीला कळणारही नाही, तेच एप्रिलमध्ये तिचा जीव घेते. म्हणून नदीत किती पाणी आहे ते पाहून संमतीपत्रात ऋतूनुसार मर्यादा असावी. ज्या महिन्यांत ते पाणी हीच नदी असते, त्या महिन्यांत त्याला नदीचाच निकष लावावा. दुसरी, जे पाणी नदीला जड जाते ते जमिनीला तितके जड नसते. पर्यावरणाच्या त्याच नियमांत जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या पाण्याला बी.ओ.डी. 100 पर्यंत चालत असे. माती हीसुद्धा एक मोठी गाळणी आहे. उन्हाळ्यात शुद्ध केलेले पाणी पात्रात तुंबत ठेवण्यापेक्षा पाटाने किंवा नळीने शेतापर्यंत न्यावे. नत्र-स्फुरद पाणवेलीला मिळण्याऐवजी पिकाला मिळेल. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र ते देताना जंतूंची काळजी घ्यावी लागेल. तिसरी, मोजणी नळीच्या तोंडाशी होते तशी खालच्या गावांच्या घाटावरही व्हावी, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. दुधाची फॅट रोज फळ्यावर लागते, मग नदीचा प्राणवायू महिन्यातून एकदा का लागू नये?

या तिसऱ्या कामात आपले महाविद्यालयही हातभार लावू शकेल. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची विंकलरची रीत 1888 पासूनची आहे आणि ती साध्या प्रयोगशाळेत करता येते. रसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की त्यांनी आम्हाला ती शिकवावी. आपल्यापैकी कितीतरी जण गोदेच्या, दारणेच्या, देव नदीच्या काठच्या गावांतून रोज एस.टी.ने सिन्नरला येतात. प्रत्येक गावाची एक बाटली, महिन्यातून एकदा. वर्षभरात बारा नोंदी होतील. पुढच्या वर्षीच्या अंकात त्यांचा तक्ता छापता येईल.

वडिलांना मी हे सारे दिवाळीच्या सुट्टीत सांगितले. आठपटीचे गणित त्यांना लगेच समजले. ऊस आणि पाणी यांचा हिशेब ते आयुष्यभर करत आले आहेत. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "मंग आपल्या डोहाचा आकडा किती?"

तो आकडा अजून कोणी काढलेला नाही. पहिली बाटली मी आणणार आहे.